विद्यार्थ्यांच्या चित्रपट-अंकाची मांडणी: फ्रेम कापायची का, आणि फोटो छापून काळे का येतात?

रीळवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरला तृतीय वर्षाला आहे. कॉलेजच्या फिल्म क्लबचा वार्षिक अंक यंदा माझ्याकडे आणि माझ्या एका वर्गमित्राकडे आलाय. मजकूर बहुतेक सगळा हातात आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या कोल्हापुरातल्या दिवसांवर एक मोठा लेख, मुलांनी केलेल्या लघुपटांच्या निर्मितीच्या हकिगती, छायालेखन करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याची मुलाखत, काही परीक्षणं आणि वर्षभरातल्या खेळांचा आढावा. ए-फोर आकार, ४८ पानं अधिक मुखपृष्ठ, मधोमध पिन, ३०० प्रती. आत मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा कागद, आर्ट पेपर फक्त मुखपृष्ठाला. रंगीत छपाई १६ पानांपुरतीच परवडेल असं दिसतंय.

पहिली अडचण अशी की मागच्या वर्षीचा साचा तसाच वापरायचा असं बैठकीत ठरलंय. त्यात सगळे फोटो चौरस आणि एकाच मापाचे आहेत. पानं नीटनेटकी दिसतात, पण चित्रपटातली फ्रेम त्यात बसवायची तर दोन्ही बाजूंनी कापावी लागते. आमच्या एका लघुपटात एक फ्रेम आहे: आई डाव्या टोकाला स्वयंपाकघराच्या दारात उभी, मुलगा उजव्या टोकाला चपला घालतोय आणि मध्ये नुसती रिकामी भिंत. चौरसात कापली की एक तर आई उरते, नाहीतर मुलगा. वर्गमित्र म्हणतो, मासिकात एवढं चालतं. मला ते बघवत नाही. पण प्रत्येक फोटो वेगळ्या मापाचा घेतला तर अंक विस्कटल्यासारखा दिसेल, हे त्याचं म्हणणंही मला पटतं.

दुसरी अडचण छपाईची. नमुना म्हणून चार पानं छापून घेतली. रात्रीचे प्रसंग पार काळे आले. लॅपटॉपवर मागच्या खिडकीतला माणूस स्पष्ट दिसतो, कागदावर तिथे नुसता डाग आहे. प्रभातच्या लेखासाठी जुन्या पुस्तिकांतले फोटो स्कॅन केले, त्यावर जाळीसारखी नक्षी उमटलीये. डीव्हीडीवरून घेतलेल्या फ्रेममध्ये सगळ्यांचे चेहरे लांबुडके दिसतात.

तिसरी म्हणजे इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतला की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात.

कोणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा. वेळ आहे, अंक मार्चमध्ये छापायला जायचा आहे.

---

नारायणपेठ_मांडणी

सायंकाळपासून हे उत्तर लिहितेय, लांबलंय, पण तुझे प्रश्न अगदी माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

मी पुण्यात मांडणीचं काम करते. दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, आणि मनापासून आवडतं म्हणून चित्रपट-मंडळांची बुलेटिनं. पेजमेकरवर मजकूर लावून ब्रोमाइड काढायचे, तेव्हापासून या धंद्यात आहे.

फ्रेम कापायची नाही. इथे मी कुणाचंच ऐकत नाही, अगदी संपादकाचंही. तू सांगितलेल्या फ्रेममधली रिकामी भिंत कुणीतरी विचार करून ठेवलेली आहे. आई आणि मुलगा यांच्यात किती अंतर पडलंय ते ती भिंत सांगते. लेखात त्याच प्रसंगाबद्दल दोन परिच्छेद असतील आणि शेजारच्या चित्रात भिंतच नसेल, तर वाचकाने लेखावर विश्वास कसा ठेवायचा? कार्यक्रमाचा फोटो खुशाल काप, पाहुण्यांच्या मागची खुर्ची काढून टाक. तो फोटो तुमच्या क्लबचा आहे. फ्रेम दुसऱ्याची रचना आहे.

आता वर्गमित्राची शंका. अंक एकसंध दिसायला हवा, हे त्याचं बरोबरच आहे. पण ती एकसंधता चित्रांच्या रुंदीतून आणि समासातून येते, त्यासाठी सगळी चित्रं चौरस असावी लागत नाहीत. ए-फोरचं पान २१० मिलिमीटर रुंद. डावी-उजवीकडे १८-१८ सोडले की १७४ उरतात. त्यात ८४ मिलिमीटरचे दोन स्तंभ आणि मध्ये ६ ची फट. आता नियम एकच ठेव: चित्र एक तर ८४ रुंद असेल, नाहीतर १७४. तिसरी रुंदी नाही. उंची मात्र चित्रपट ठरवेल. १७४ रुंदीवर स्कोपची, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद असलेली फ्रेम जेमतेम ७३ मिलिमीटर उंच येते, १.८५ ची ९४, आणि जुनी ४:३ ची फ्रेम तब्बल १३१, म्हणजे जवळपास अर्धं पान. म्हणून जुन्या चित्रपटांच्या फ्रेम एका स्तंभात ठेव. तिथे त्या ६३ उंच येतात आणि छान बसतात. स्कोप मात्र एका स्तंभात कधीच नको, ३५ मिलिमीटरची पट्टी होते आणि माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तुझी आई-मुलाची फ्रेम पूर्ण रुंदीला दे, वर मथळाही नको, पानाच्या डोक्यावर एकटी राहू दे. चार-सहा पानं अशी लागली की वर्गमित्राला आपोआप दिसेल की वाचकाला कडा सरळ रेषेत हव्या असतात, उंची कमी-जास्त झालेली खटकत नाही.

फ्रेमच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या असतील तर त्या मात्र काढायच्या. त्या चित्राचा भाग नव्हेत. १९२०×१०८० च्या फाइलमध्ये स्कोपचं खरं चित्र उंचीला ८०० पिक्सेलच्या आसपासच असतं. काढताना दुप्पट मोठं करून बघ, एक काळी रेघ हमखास उरते आणि छापल्यावर ती शोकपत्रिकेच्या कडेसारखी दिसते. याउलट एखाद्या फ्रेममध्ये वर पांढरं आकाश असेल तर ते कागदात विरघळतं आणि फ्रेम कुठे संपली तेच कळत नाही. अशा चित्रांना पाव पॉइंटची करडी रेघ दे. सगळ्यांना देऊ नकोस.

मापाचा हिशेब एकदा मनाशी पक्का कर. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १९२०×१०८० ची फ्रेम त्या हिशेबाने १६३ मिलिमीटर रुंद छापता येते, म्हणजे १७४ ला थोडी ताणली तरी बिघडत नाही. डीव्हीडीवरची ७२० पिक्सेलची फ्रेम ६१ मिलिमीटरलाच संपते. ८४ च्या स्तंभात ती ढकलता येईल, मॅपलिथोवर खपून जाईल, पण पूर्ण रुंदीला अजिबात नको. चेहरे लांबुडके का होतात? डीव्हीडीवर चित्र ७२०×५७६ असं साठवलेलं असतं आणि ते पिक्सेल चौरस नसतात. रुंद पडद्याचा चित्रपट असेल तर उंची तशीच ठेवून रुंदी १०२४ कर, जुना ४:३ असेल तर ७६८. चेहरे जागेवर येतील. फ्रेम घेताना व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबत एकेक फ्रेम पुढे जाता येतं आणि शिफ्ट-एस दाबलं की चित्र साठवलं जातं. हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसले तर डी दाबून डीइंटरलेस चालू कर, मग घे. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो कुणी पाठवला तर नम्रपणे परत कर.

लहान फ्रेम एआयने मोठी करून देणारी साधनं हल्ली सगळे वापरतात. चित्रपटाच्या अंकात ती नको असं माझं स्पष्ट मत आहे. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, नवा रंगवतात. १९३० च्या दशकातल्या नटाच्या डोळ्यांना कधी नव्हत्या त्या पापण्या येतात, आणि तो फोटो पुढे कुणीतरी अस्सल समजून वापरतं. लहान आहे तर लहान छाप.

काळोखाचं दुखणं मॅपलिथोचं आहे. तो कागद शाई पितो. छपाईत करडी छटा बारीक ठिपक्यांनी तयार होते आणि शाई शोषली गेली की ठिपका पसरतो. गडद भागात ठिपके आधीच खेटून असतात, ते पसरले की एकमेकांत मिसळतात आणि खिडकीतला माणूस नाहीसा होतो. वर तुझा लॅपटॉप मागून उजेड टाकतो. कागद टाकत नाही. आधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आण आणि दिवसा खिडकीपाशी बसून फोटो बघ. मग फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हजमध्ये डावीकडचा खालचा भाग थोडा उचल, म्हणजे गडद छटांमध्ये एकमेकींपासून अंतर पडेल. सगळ्यात काळी जागासुद्धा ९० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. मधल्या छटाही जराशा उजळ ठेव, छापताना त्या खाली बसतातच. पडद्यावर फोटो किंचित फिकट वाटेल, वाटू दे. ब्राइटनेसची पट्टी सरसकट सरकवू नकोस, त्याने रात्रीचा प्रसंग संध्याकाळचा होतो आणि ते छायालेखकावर अन्याय करणारं आहे. तुला फक्त कागदाने खाल्लेलं परत द्यायचंय. एकाच फ्रेमच्या सहा आवृत्त्या कमी-जास्त उचलून एका पानावर लाव, प्रत्येकीखाली आकडा टाक आणि ते एक पान त्याच कागदावर, त्याच छपाईखान्यात छापून घे. मग तो आकडा सगळ्या काळोख्या फ्रेमना आरंभ म्हणून धर. फोटोशॉपच हवं असं नाही, गिंपमध्ये हे सगळं होतं.

निळ्या रात्रींची वेगळी काळजी घे. स्क्रीनवरचा गडद निळा छपाईच्या चार रंगांत (सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळा, काळा) उतरताना जांभळा होतो. रंग बदलून झाल्यावर आकडे बघ, सायन हा मॅजेंटापेक्षा २०-३० टक्क्यांनी वर असेल तर निळा निळाच राहतो.

स्कॅनवरची नक्षी येते कारण जुन्या पुस्तिकेतला फोटो स्वतःच ठिपक्यांचा आहे आणि त्यावर तुझे पिक्सेल बसले. ६०० ला स्कॅन कर, स्कॅनरमध्ये डिस्क्रीनचा पर्याय असेल तर चालू कर. नसेल तर ठिपके दिसेनासे होईपर्यंत हलका ब्लर दे, मग चित्र ३०० वर आणून जरा शार्प कर. पुस्तिका स्कॅनरवर अगदी किंचित तिरकी ठेवून बघ, कधीकधी तेवढ्यानेही नक्षी मोडते. पानाचा पिवळेपणा काढायचा की ठेवायचा हे एकदाच ठरव. लेखातले निम्मे फोटो पिवळे आणि निम्मे करडे असं दिसायला नको. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला आली, त्यामुळे तुमच्या लेखाचा काळ चार-पाच वर्षांचाच आहे. त्याच काळातली चांगली छायाचित्रं हवीत तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे रीतसर अर्ज करा. स्थिरचित्रं, पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका असं बरंच काही त्यांच्या संग्रहात आहे. नक्षी-जाळीशी झुंजण्यापेक्षा मूळ फोटोची प्रत केव्हाही बरी.

रंगीत १६ पानांचं आधी छपाईखान्याशी बोल, कारण त्यावर अंकाचा क्रमच अवलंबून आहे. ४८ पानं म्हणजे १६ चे तीन फॉर्म, एका फॉर्मची पानं एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात. मधोमध पिन मारायची तर ते एकात एक बसतात. सगळ्यात बाहेरच्या फॉर्मवर १ ते ८ आणि ४१ ते ४८ येतात, मधल्यावर ९ ते १६ आणि ३३ ते ४०, आणि सगळ्यात आतल्यावर १७ ते ३२ सलग. रंगीत तो आतला फॉर्म घे. लघुपटांच्या हकिगती आणि छायालेखनाची मुलाखत तिथे जाऊ देत, प्रभात आणि परीक्षणं कृष्णधवलमध्ये शोभतील. २४-२५ हे मधलं जोडपान एकसंध कागद असतो, दोन पानांवर पसरलेलं चित्र फक्त तिथेच बिनधास्त टाकता येतं. इतर ठिकाणी दोन अर्धुकं एकमेकांना लागत नाहीत. ३०० प्रतींना डिजिटल छपाईचा भावही काढ. ती परवडली तर रंगीत पानं कुठेही ठेवता येतात.

आता मराठी. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत ॲडोब वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवड. तुझ्या फुटक्या जोडाक्षरांचं कारण बहुतेक तेच. परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच ते ठरवून टाक म्हणजे पुन्हा पुन्हा करायला नको. भाषाही मराठी ठेव, काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. विकत घ्यायला पैसे नसतील तर स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती देवनागरी नीट जोडते आणि फुकट आहे. मजकुराला मी ठळक-बारीक रेघांचा फॉन्ट घेते, टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, आणि मथळ्यांना मुक्ता. ११ पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये १६ चं अंतर लागतंच. खालच्या उकाराला वरच्या ओळीच्या वेलांट्या-अनुस्वारांशी भांडू देऊ नकोस.

फॉन्ट पक्का करायच्या आधी मी एक ओळ छापून बघते: ‘दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला ॲक्शनचा शॉट’. चित्रपटाच्या अंकात कॅमेऱ्याचा, कॅमेऱ्यातून, कॅमेऱ्यामागे हे शब्द पानोपानी येतात, आणि त्यातल्या ‘ऱ्या’मधला तोच चंद्रकोरी र फॉन्ट बदलताना किंवा छपाईखान्यात मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये वळवताना पहिला मोडतो. ॲ दुसरा. म्हणून छपाईखान्याला उघडी फाइल देऊच नकोस, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दे.

स्तंभ दोन्ही बाजूंनी सरळ करू नकोस. ८४ मिलिमीटरमध्ये ‘छायालेखनाबद्दलच्या’ सारखा शब्द खाली उतरला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं. आणि मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा आहे ना, हे पीडीएफमध्ये तपास. चारही शाया मिसळून केलेला काळा असला आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक शिरोरेषेला गुलाबी-निळी किनार येते. मागे कुणी कॅन्व्हात साचा केला असेल तर हे आधी बघ.

कार्यक्रमांच्या फोटोंबद्दल थोडक्यात: रंगमंचावरच्या जांभळ्या एलईडीत काढलेले फोटो सुधारत बसू नकोस, सरळ कृष्णधवल कर. आणि चेहरे गुळगुळीत किंवा गोरे करायचे नाहीत. कुणी मागितलं तरी.

---

शटर_१७२

मी सिनेमॅटोग्राफी शिकतोय. वरच्या ताईंनी मांडणीचं इतकं नीट सांगितलंय की मी फक्त लघुपटांच्या फ्रेमपुरतं बोलतो.

स्क्रीनशॉट घेऊच नका, मूळ प्रोजेक्ट ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून फ्रेम मागा. मुलांनी एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हमध्ये केलं असेल तर कलर पानावर ग्रॅब स्टिल करून टिफ फाइल काढता येते. यूट्यूबवर चढवलेल्या प्रतीत काळोखी भागात चौकोन-चौकोन दिसतात, ते नंतर कुठल्याही कर्व्हने जात नाहीत. उलट उचलले की जास्त दिसतात. आणि ‘ग्रेडिंग, म्हणजे रंगांचं शेवटचं काम, झालेलीच फ्रेम द्या’ असं स्पष्ट सांगा. आम्ही लॉग या कॅमेऱ्यातल्या पर्यायावर शूट करतो, ती फाइल धुरकट करडी असते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका अंकात आमची फ्रेम तशीच धुरकट छापली गेली होती, फार वाईट वाटलं.

चालणाऱ्या माणसाची फ्रेम नेहमी थोडी अस्पष्ट येणार, हे आधीच समजून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे लुकलुकू नयेत यासाठी सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. पडद्यावर ते गुळगुळीत दिसतं, स्थिर चित्रात हात फराटा होतो. तुमच्या चपला घालणाऱ्या मुलाचा हात थांबलाय तो क्षण शोधा. वाकल्यावर आणि उठायच्या आधी एक-दोन फ्रेम तशा मिळतातच. शार्पनेस वाढवून फराटा जात नाही.

पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. प्रत्येक लघुपटाच्या सेटवर एक जण स्थिर छायाचित्रणासाठी ठेवा. टेक चालू असताना नको, तालमीच्या वेळी कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून, आवाज न करणाऱ्या शटरने. सेटवर साधे एलईडी असतील तर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, नाहीतर आडवे पट्टे येतात. असे फोटो ६००० पिक्सेल रुंद मिळतात आणि मुखपृष्ठालाही चालतात. पण ते फ्रेमच्या जागी फ्रेम म्हणून छापू नका, ओळीत ‘चित्रीकरणावेळी’ असं लिहा.

---

बाराखडी_वकील

मांडणीतलं मला कळत नाही. फोटो कुणाचे, एवढंच सांगते.

परीक्षणाबरोबर त्याच चित्रपटाची एखादी फ्रेम छापणं हे प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मधल्या समीक्षेच्या सवलतीत बसू शकतं. तिथे न्याय्य वापर अपेक्षित आहे, म्हणजे ज्या प्रसंगाबद्दल लिहिलंय त्याची फ्रेम. शोभेसाठी मुखपृष्ठावर मोठ्ठी लावली तर तोच युक्तिवाद टिकवणं अवघड जाईल. मुखपृष्ठाला तुमच्याच मुलांच्या लघुपटातलं चित्र घ्या, त्यात प्रश्नच नाही.

प्रभातच्या लेखाबाबत: चित्रपटावरचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९३२ चा चित्रपट केव्हाच मोकळा झाला. पण पोस्टर हे चित्रकाराचं काम असतं आणि त्याला चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं लागू होतात. एकाच पानावर फ्रेम आणि पोस्टर लावताना दोन्हींची मुदत एकच समजू नका. संग्रहालयाकडून प्रत घेतली तर त्यांच्या अटी वेगळ्या असतात, श्रेय कसं लिहायचं तेही त्यांनी सांगितलेलं असतं, तसंच लिहा.

क्लबच्या कार्यक्रमाचे फोटो ज्या विद्यार्थ्याने मोबदला न घेता काढले, ते साधारणपणे त्याच्याच मालकीचे. एक व्हॉट्सॲप संदेश पाठवून होकार घेऊन ठेवा आणि प्रत्येक फोटोखाली नाव द्या. शेवटच्या पानावर सगळी नावं एकत्र टाकली तर कुणाचा फोटो कुठला ते कळत नाही.

---

रीळवाली_कोल्हापूर

किती आभार मानू! वर्ल्ड-रेडी कंपोजर लावल्याबरोबर वेलांट्या जागेवर आल्या. आई-मुलाची फ्रेम १७४ ला लावून वर्गमित्राला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, साचा बदलूया. रंगीत फॉर्मचं छपाईखान्यात विचारलं, १७ ते ३२ जमतंय.

एकच अडकलंय. मुलाखतीत छायालेखक दोन फ्रेमची तुलना करतो, एक जुन्या ४:३ चित्रपटातली आणि एक स्कोपमधली. दोन्हीत माणूस दारात उभा आहे. त्या शेजारी-शेजारीच हव्यात. ८४-८४ च्या दोन स्तंभांत लावल्या तर ४:३ ची दुप्पट मोठी वाटते आणि स्कोप बिचारी वाटते. ताई, इथे तुमचा दोन रुंद्यांचा नियम मोडायचा का?

---

नारायणपेठ_मांडणी

मोड. या एका पानावर मोडायलाच हवा, कारण इथे वाचकाला दोन पडदे शेजारी ठेवून बघायचेत.

रुंदी सारखी ठेवलीस की स्कोपवर अन्याय होतो, क्षेत्रफळ सारखं केलंस तर दोघांच्याही कडा कुठेच जुळत नाहीत. उंची सारखी ठेव. ज्या थिएटरांत बाजूचे पडदे सरकवून पडदा रुंद करतात, तिथे उंची तीच राहून ४:३ च्या दोन्ही बाजूंना स्कोपची जागा उघडते. प्रेक्षकाला हा फरक तसाच माहीत आहे.

हिशेब: १७४ मधून मधली ६ ची फट काढली की १६८. त्याला १.३३ आणि २.३९ च्या बेरजेने, म्हणजे ३.७२ ने भाग. उंची ४५ मिलिमीटर येते. मग ४:३ ची फ्रेम ६० रुंद आणि स्कोपची १०८. बाहेरच्या दोन्ही कडा पानाच्या १७४ ला चिकटतात, त्यामुळे बाकी अंकाशी ते पान तुटत नाही. जुनी डावीकडे ठेव. ६० मिलिमीटर म्हणजे डीव्हीडीवरून घेतली असली तरी तिथे स्वच्छ छापेल.

दोन्हींच्या गडद छटा मात्र वेगवेगळ्या उचल, सहा नमुन्यांचा आकडा दोघींना सारखा लावू नकोस. जुन्या कृष्णधवल फ्रेममध्ये दारामागचा अंधार बहुतेक आधीच सपाट असतो, तो उचललास तर नुसता करडा होईल. तिथे हात न लावता माणसाच्या अंगावरचा उजेड सांभाळ. स्कोपमध्ये दाराच्या आत काही दिसत असेल तरच उचल. आणि हे पान रंगीत फॉर्ममध्ये येतंय, तेव्हा कृष्णधवल फ्रेम ग्रेस्केल करूनच लाव. आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, राहिली तर चार शायांत छापली जाईल आणि शेजारच्या रंगीत फ्रेममुळे तिची हिरवट किंवा गुलाबी झाक लगेच डोळ्यात भरेल.

फोटो-ओळ दोघींना मिळून एकच नको. प्रत्येकीखाली तिची, ९ पॉइंटमध्ये: चित्रपट, वर्ष, छायालेखक. दिग्दर्शकाचं नाव लेखात आहेच, छायालेखकाचं बहुतेक अंकांत कुठेच नसतं. ६० मिलिमीटरमध्ये ओळ मावली नाही तर दुसरी ओळ होऊ दे, पण नाव गाळू नकोस.